जोडाक्षरांचं ब्रेकअप

गेम आणि ॲप बनवणाऱ्या मराठी मुलांना एकदा तरी भेटणारा हा झोल. फॉन्ट टाकला, तरी ‘स्वातंत्र्य’ तुटकंच दिसतं. असं का होतं आणि कोणतं सेटिंग बदललं की ते जुळतं, त्याची ही गोष्ट.

एक छोटी टेस्ट करून बघा. तुम्ही किंवा तुमच्या ग्रुपमधल्या कुणी प्रोजेक्टसाठी एखादा गेम किंवा ॲप बनवलं असेल, तर त्यातल्या एका बटणावर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द टाका. आणि शेजारच्या बटणावर ‘किल्ला’.

तीनपैकी एक गोष्ट होईल. पहिली म्हणजे, दोन्ही शब्द झकास दिसतील. मग तुमचं नशीब चांगलं किंवा टूल चांगलं. दुसरी, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतील. आणि तिसरी सगळ्यात वैताग आणणारी. अक्षरं दिसतील, पण एकमेकांशी भांडल्यासारखी! ‘स्वातंत्र्य’चं होईल ‘स् वातंत् र् य’. ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’ला सोडून पुढच्या ‘ल’च्या गळ्यात पडेल.

यानंतर बहुतेक ग्रुप्समध्ये काय होतं, ते वेगळं सांगायला नको. सबमिशन उद्यावर आलेलं असतं. कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे ना, इंग्लिशमध्येच ठेवू.’ आणि मराठी मुलांनी मराठी माणसांसाठी बनवलेल्या ॲपमधून मराठीच गायब होते. कुणी बंदी घातली म्हणून नाही, कुणाला लाज वाटली म्हणूनही नाही. फक्त एक सेटिंग कुणाला सापडलं नाही म्हणून.

मोबाइलवर तर नीट दिसतं की!

बरोबर. मेसेज टाइप करताना किंवा ब्राउझरमध्ये बातमी वाचताना जोडाक्षरं नीट दिसतात. कारण तिथं अक्षरं मांडायचं काम ऑपरेटिंग सिस्टीम किंवा ब्राउझर करतो. ॲप फक्त सांगतं, ‘हा मजकूर दाखव.’ बाकीची डोकेदुखी त्यांची.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत स्क्रीन रंगवायची आणखी एक पद्धत जोरात आली. त्यात ॲप स्वतःची प्रत्येक खिडकी, बटण आणि अक्षर स्वतःच रंगवतं आणि त्यासाठी थेट जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप वापरतं. मूळची ही गेमची पद्धत. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. १२० दाखवायची तर साधारण ८. एवढ्या वेळात सगळं उरकायचं, तर हजारो छोटे तुकडे एकाच वेळी रंगवणारी चिपच लागते.

आज हे प्रकरण गेमपुरतं राहिलेलं नाही. गुगलचं फ्लटर याच पद्धतीनं चालतं. गेम बनवणाऱ्यांचं आवडतं गोडो इंजिन, सी प्लस प्लसवाल्यांचं डिअर इमगुई, रस्टवाल्यांचं ईगुई, ही सगळी याच घराण्यातली. जानेवारी २०२४मध्ये ज्याचा सोर्स कोड खुला झाला, तो झेड हा कोड एडिटरसुद्धा जीपीयूआय नावाच्या स्वतःच्या फ्रेमवर्कवर उभा आहे.

वेग भारी मिळतो, वाद नाही. पण त्या बदल्यात अक्षरं मांडायची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमकडून त्या फ्रेमवर्ककडे येते. काही फ्रेमवर्क ती नीट पार पाडतात, काही अर्धवट. आणि ज्या भाषेत अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम भागतं, त्या इंग्रजीत टेस्टिंग केलं तर हा अर्धवटपणा कधी दिसतच नाही.

खिळे आहेत, पण जुळारी कुठंय?

हा झोल समजायला जुना छापखाना डोळ्यांसमोर आणा. शिशाचे खिळे असायचे, म्हणजे एकेका अक्षराचा ठसा. ते ठेवायला लाकडी खाने असायचे. आणि खिळे उचलून शब्द जुळवणारा जुळारी असायचा. १९व्या शतकात मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे नावाजलेले होते. पण खिळे कितीही देखणे असले, तरी रफार कुठं बसवायचा आणि अर्धा ‘स’ कधी उचलायचा, हे जुळाऱ्यालाच कळायचं.

आता हेच जीपीयूच्या दुनियेत आणू. फॉन्टची फाइल म्हणजे खिळे. ग्राफिक्स मेमरीत एक मोठं चित्र ठेवलेलं असतं. त्यात लागणारी अक्षरं दाटीवाटीनं एकदाच काढून ठेवतात आणि हवी तेव्हा तिथूनच उचलतात. त्याला ॲटलस म्हणतात, हे झाले खाने. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा, एका पिक्सेलला एक बाइट घेणारा ॲटलस फक्त १ एमबी जागा खातो. म्हणजे मराठीमुळे ॲप जड होईल, ही भीती मनातून काढून टाका.

राहिला जुळारी. त्या कामाला शेपिंग म्हणतात. ते करणारी सगळ्यात प्रसिद्ध लायब्ररी म्हणजे हार्फबझ. नावाची गंमत बघा. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडा. ओपनटाइप या फॉन्टच्या फॉरमॅटच्या नावाचं हे फारसी रूप. ॲण्ड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स या सगळ्यांच्या पोटात हाच जुळारी बसलेला आहे. तुम्ही आत्तापर्यंत स्क्रीनवर जे मराठी वाचलंत, त्यातलं बरंचसं त्यानंच जुळवलेलं असणार.

आणि गोची इथंच होते. ‘मराठी दिसत नाही’ म्हटलं की आपण फॉन्ट बदलतो. तो नाही चालला तर दुसरा, मग तिसरा. म्हणजे खिळ्यांवर खिळे आणत राहतो. पण छापखान्यात जुळारीच नसेल, तर नवे खिळे आणून काय होणार?

‘त्र’ला नंबरच नाही

जुळारी एवढा का लागतो? कारण कम्प्युटरला ‘त्र’ नावाचं अक्षर माहीतच नाही. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ०९००पासून ०९७एफपर्यंत १२८ जागा आहेत. तिथं ‘त’ला नंबर आहे, ‘र’ला आहे, पाय मोडायच्या चिन्हालाही आहे. पण ‘त्र’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांना स्वतःचा नंबर नाही. साठवताना ‘त’, पायमोडकं चिन्ह आणि ‘र’ असे तीन नंबर साठवतात. दाखवायच्या वेळी जुळारी येतो आणि फॉन्टमधलं जोडाक्षराचं चित्र शोधून तिथं बसवतो.

वेलांटीचंही तसंच. ‘कि’ साठवताना आधी ‘क’, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी ‘क’च्या आधी. ‘अर्क’मधला रफार साठवला जातो ‘क’च्या आधी, पण दिसतो ‘क’च्या डोक्यावर. ही अदलाबदल करणारा कुणी नसेल, तर सगळं साठवलेल्या क्रमानंच स्क्रीनवर येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, फॉन्ट खराब आहे.

कुठल्या टूलमध्ये काय करायचं?

आता कामाचं बोलू. तुमच्या टूलप्रमाणे उत्तर बदलतं.

फ्लटर : इथं जुळारी आधीपासून कामावर आहे. तुमचं काम खिळे सोबत देण्याचं. देवनागरी फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये टाका, प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तिचं नाव नोंदवा आणि मजकुराच्या स्टाइलमध्ये मुख्य फॉन्ट इंग्रजी असेल, तर पर्यायी फॉन्टच्या यादीत आपला देवनागरी फॉन्ट लिहा. हे केलं नाही तर वेबवर एक मजा होते. फ्लटर गरज पडल्यावर इंटरनेटवरून नोटो फॉन्ट आणायला जातं आणि तोपर्यंत चौकोन दाखवतं. तुमच्या वायफायवर हे लक्षातही येणार नाही. पण जिथं रेंज एक काडी येते, त्या गावात तेच चौकोन बराच वेळ ठाण मांडून बसतील.

गोडो : तिसऱ्या आवृत्तीपर्यंत इथं जोडाक्षरांची सोय नव्हती. १ मार्च २०२३ला चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात हार्फबझ आलं. पण त्यात दोन टेक्स्ट सर्व्हर आहेत, एक ॲडव्हान्स्ड आणि दुसरा फॉलबॅक. जोडाक्षरं जुळतात ती फक्त ॲडव्हान्स्डमध्ये. फाइल लहान करायच्या नादात कुणी फॉलबॅक निवडला असेल, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. शिवाय कम्प्युटरवर गोडो सिस्टीममधला फॉन्ट उसना घेऊन वेळ निभावून नेतं, पण वेबवर ती उसनवारी चालत नाही. म्हणून फॉन्ट कायम सोबत द्या.

गोडोमध्ये आणखी एक खाच आहे. संवाद एकेक अक्षर टाइप होत आल्यासारखा दाखवायची हौस प्रत्येक गेमला असते. ‘क्षि’ या एका अक्षरात चार नंबर आहेत. ते एकेक करून दाखवले, तर आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’, मग ‘क्षि’ असं काहीतरी फडफडत येतं. लेबलमध्ये अक्षरं शेपिंगच्या आधी मोजायची की नंतर, याचं सेटिंग आहे. ते ‘नंतर’वर किंवा ग्लिफवर टाका, फडफड बरीच कमी होईल.

डिअर इमगुई : हे प्रामुख्यानं डेव्हलपरसाठीच्या टूल्सचं साधन. त्याच्या सोबत येणारा मूळ फॉन्ट अगदी छोटा, १३ पिक्सेलचा आणि त्यात देवनागरी नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये कुठली अक्षरं ॲटलसमध्ये घ्यायची, ते आधीच सांगावं लागायचं. थाई आणि व्हिएतनामीसाठी तयार यादी मिळायची, देवनागरीसाठी नाही. जून २०२५मधल्या १.९२ आवृत्तीनंतर अक्षरं लागतील तशी ॲटलसमध्ये येतात, त्यामुळे ते झंझट कमी झालं. पण शेपिंग इथं नाहीच. म्हणजे खाने मोठे झाले, खिळे आले, जुळारी अजून बाहेरच. इथं मराठी हवं असेल तर हार्फबझ स्वतः जोडून अक्षरं मांडावी लागतात. ते जमणार नसेल, तर लोकांना द्यायच्या मराठी ॲपसाठी दुसरं टूल निवडणं हाच शहाणपणा.

ईगुई : फॉन्टच्या व्याख्येत दोन याद्या भराव्या लागतात. एकात फॉन्टची फाइल आणि दुसरीत त्याचा क्रम. देवनागरी फॉन्ट यादीत पहिला ठेवला तर इंग्रजीही त्यातूनच येईल, शेवटी ठेवला तर जे अक्षर आधीच्या फॉन्टमध्ये नाही तेवढंच त्यातून येईल. पण हाही खिळ्यांचाच भाग. जोडाक्षरं न जुळवता एकेक अक्षर मांडायची ईगुईची जुनी सवय. त्यामुळे प्रोजेक्ट सुरू करायच्या आधीच ‘स्वातंत्र्य’ची टेस्ट लावा, शेवटच्या रात्री नको.

हातानं यादी भरायची वेळ आलीच, तर लक्षात ठेवा : देवनागरीच्या १२८ जागा घेऊन भागत नाही. रुपयाचं चिन्ह, आपले वळणदार अवतरणचिन्हांचे जोड आणि अक्षरं जोडायची-तोडायची अदृश्य चिन्हं त्या १२८च्या बाहेर राहतात. आणि ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८मध्ये. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ‘ॲप’ या शब्दाचंच पहिलं अक्षर चौकोन होऊन बसतं.

मराठी म्हणजे हिंदी नव्हे

जोडाक्षरं जुळली, आता झालं? थांबा. तुमचं ॲप नीट निरखून बघा. ‘ल’ कसा दिसतोय? शाळेत फळ्यावर शिकलेला दोन पाकळ्यांचा, की हिंदीच्या पुस्तकातला? ‘श’ देठाचा आहे का?

चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये अनेकदा दोन्ही रूपं लपलेली असतात. कुठलं काढायचं, हे फॉन्टला भाषा सांगितल्यावर कळतं. ती सांगायची जागा असते. फ्लटरमध्ये मजकुराच्या स्टाइलला लोकेल देता येतं आणि गोडोच्या लेबलला भाषेचा रकाना आहे. तिथं ‘मराठी’चा कोड भरा. ती जागा रिकामी राहिली, तर फॉन्टच्या मनात जे डीफॉल्ट आहे ते येतं आणि बहुतेकदा ते हिंदीचं असतं. टूलमध्ये अशी जागाच नसेल तर आणखी एक वाट आहे. टिरो देवनागरी हा फॉन्ट मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपांत फुकट मिळतो. त्यातला मराठीचा उचलायचा.

आणि ‘ऱ्य’ विसरू नका. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. रफार की अर्धचंद्रासारखा तो छोटा ‘ऱ’, एवढ्यावर अर्थ फिरतो. सह्याद्रीवरच्या ट्रेकिंगच्या ॲपमध्ये ‘पुढे खोल दर्या आहे’ असं आलं, तर हसू येईल. पण औषधाच्या किंवा बँकेच्या ॲपमध्ये असा शब्द फिरला तर हसण्यावारी नेता येणार नाही.

दिसतंय, पण छान दिसतंय का?

शेवटचा हात फिरवायच्या चार गोष्टी.

एक, ओळीची उंची. इंग्रजीच्या मापानं बनवलेल्या बटणात आपला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो, उकार खालून. फॉन्टच्या आकाराच्या दीडपट उंचीपासून सुरुवात करा आणि डोळ्यांनी बघून कमी-जास्त करा.

दोन, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी हेडिंग ऐसपैस दिसावं म्हणून ते वाढवतात. मराठीत वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ते शून्यावर ठेवा.

तीन, धूसर शिरोरेषा. आपल्या लिपीत सगळा शब्द एका आडव्या रेघेला टांगलेला असतो. ती रेघ दोन पिक्सेलच्या मधोमध पडली की दोन्हीकडे करडी सांडते आणि सगळी ओळच मळकट दिसते. मजकूर उभ्या दिशेनं पूर्ण पिक्सेलवर बसवला की बहुतेकदा हे जातं.

चार, खोटा बोल्ड. फॉन्टचा बोल्ड प्रकार सोबत दिला नाही, तर टूल अक्षर फुगवून वेळ मारून नेतं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या पोटातल्या जागा बुजतात. बोल्डची फाइल वेगळी द्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, गुगलचा नोटो सान्स देवनागरी, हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत आणि त्यांच्यात बोल्डही आहे.

शॉर्टकट नको

आता काही जण म्हणतील, एवढं कशाला? फोटोशॉपमध्ये मराठी लिहायचं आणि चित्र म्हणून चिकटवायचं. एका लोगोपुरतं ठीक आहे. पण अख्ख्या ॲपचा मजकूर चित्र झाला की तो शोधता येत नाही, कॉपी होत नाही, नजर अधू असलेल्या आजोबांना मोठा करून वाचता येत नाही आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तिथं काही लिहिलंय हेही समजत नाही.

दुसरा जुगाड त्याहून जुना. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असायचे. तसा फॉन्ट जुळारी नसलेल्या टूलमध्येही चालतो, म्हणून मोह होतो. पण घरातल्या मोठ्यांना विचारा. अशा फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडली की काय दिसायचं? इंग्रजी अक्षरांचा कचरा. ज्या खड्ड्यातून मराठी मोठ्या मुश्किलीनं बाहेर आली, तिथं तिला आपल्या हातानं परत कशाला ढकलायची?

त्यापेक्षा हे करा. खालची ओळ कापून ठेवा किंवा फोटो काढा. नवीन टूल निवडायच्या पहिल्याच दिवशी ती त्यात टाकून बघा :

‘श्रीज्ञा, किल्ल्यावरून दऱ्या बघ आणि दर्यासुद्धा, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून ॲपमध्ये “राष्ट्र, हृदय, कर्तृत्व, स्वातंत्र्य” लिही, ऑफिसचं भाडं ₹५०० भर.’

वाक्याला फारसा अर्थ नाही, पण जोडाक्षर, वेलांटी, रफार, ऱ्य, ॲ, ऑ, ऋकार, अनुस्वार, अवतरणचिन्हं, रुपया सगळे हजर आहेत. चौकोन दिसला तर फॉन्ट तपासा. अक्षरं तुटली तर शेपिंग तपासा. ‘ल’ परका वाटला तर भाषेचा कोड तपासा. याच क्रमानं.

आणि टूल कुणी दुसऱ्यानं बनवलेलं असेल, तर ही ओळ जशी दिसली तिचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवा. खाली लिहा, काय दिसायला हवं होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, चांगल्या मनाच्या प्रोग्रामरलाही ‘त् र’ आणि ‘त्र’ यातला फरक दिसत नाही. तो दिसणारे डोळे आपल्याकडे आहेत. ते वापरायला डिग्री लागत नाही.